हात घेणाऱ्यानं काढायचा

परभणी,
४ जुलै, शुक्रवार

अण्णा,

शरणार्थ. कागद फाडायचा असंल तर फाड, पण आधी वाच. फोन मी अठ्ठावीस वेळा लावला. तू उचलत न्हाईस, म्हणून हा खटाटोप. दुधाच्या टेम्पोवाला योगीराज रोज पेडगावाहून येतो, त्याच्या हाती धाडायलेय. पोचवायचे त्यानं दोन घंटे घेतले. माझ्या हयातीतले दोन घंटे गेलेत, तवा चुलीत घालू नको.

तानुबाई परवा आमच्या दुकानात आली होती, स्टीलचा डबा घ्यायला. डब्याचे घंटे चुकवायला गल्ल्यावर हात टेकवता टेकवता म्हणली, "त्रिवेणीबाई, तुमच्या अण्णानं तळहाताला फडकं बांधलंय." मी म्हणले, गिरणीत बोट चेमटलं असंल. तर म्हणली, "बोटाला न्हाई हो, तळहाताला." मला तिथंच रडू फुटलं. शिवप्रकाशनं पाणी आणून दिलं अन् गिऱ्हाईकासमोर तमाशा करू नको म्हणले. नवराच तो.

फडकं कोण बांधतं ते का मला कळत न्हाई? ज्याच्या तळहातावरचा हयातीचा आकडा महिन्याच्या आत आला, अन् ज्याला तो चार माणसांत दाखवायची शरम वाटती, तो. नोटा गेल्या अन् लोक हयातीवर मीठमिरची घेयला लागले त्याला आता बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत आपल्या घरात कुणाच्या हाताला फडकं दिसलं न्हाई. तुझ्याच हाताला का?

मला सगळं कळतं. लेकीच्या, महेशीच्या, नर्सिंगच्या सीटला तू तीन वर्षं मोजून दिलीस. ती हैद्राबादला नोकरीला लागली, बरं झालं. पण गिरणीचं काय? ज्याचा आकडा कमी त्याचं दळण फुकट, हा कुठला धंदा? गावात सगळ्यांचेच आकडे कमी हायेत!

आता नीट ऐक. माझ्याकडं नऊ वर्षं हायेत. त्यातली तीन मायची, हे तुला मयतीच्या दिवशीच सांगितलंय. ती तुझी म्हण. मी पेडगावला येते, हातावर हात ठेवते, "दिलं" म्हणते. तू फक्त "घेतलं" म्हण. तीन अक्षरं, जास्त न्हाईत.

माझ्यावरचा राग राहू दे तसाच. मी राग सोड म्हणत न्हाई.

तुझी,
त्रिवेणी


परभणी,
९ जुलै, बुधवार

अण्णा,

योगीराजजवळ निरोप दिलास म्हणे, "बहिणीचं खाऊन जगायची येळ माझ्यावर आली न्हाई." योगीराज सांगताना मान खाली घालून उभा राहिला, जसं काय त्यानंच म्हणलं. वा रे वा! परक्याजवळ निरोप द्यायला शरम वाटली न्हाई, अन् सख्ख्या बहिणीकडून घेयला वाटती?

मला माहीत हाय तू काय म्हणशील. लेकीला, बहिणीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. आपले आजोबा, मायचे वडील, लेकीच्या घरी आले की पाणी बी सोबत आणलेल्या तांब्यातलं पेत. मला सगळं पाठ हाय. पण तवा पाणीच द्यायचं होतं अण्णा. पाण्यावाचून आजोबा दोन घंटे थांबले तर मरत नव्हते.

तू लहानपणापासून असाच. येलदरीचं धरण बघायला गेलो होतो तवा माझी चप्पल तुटली. तू तुझी काढून दिलीस अन् त्या रखरखीत उन्हात कोसभर अनवाणी चाललास. मी म्हणले, पाय भाजत असतील. तू म्हणलास, "माझे तळवे जाड हायेत." घरी आल्यावर मायनं तुझ्या तळव्याला तूप लावलं तवा मी दाराआडून बघितलं, कातडं सुटलं होतं. मी ती चप्पल वापस दिली न्हाई, त्याचं काय. मागितलीस बी न्हाईस.

अन् एक. तीन वर्षं म्हणले होते ना मायची, ती पाच म्हण. तवा घाईत बोलले. चार माणसं बघायलेत, मायचं शरीर अजून रीतीप्रमाणं भिंतीला टेकवून बसवलेलं, अन् तू सगळ्यांसमोर विचारलंस, "किती घेतलंस?" माणूस गडबडणारच की.

तुझा आकडा किती, ते तेवढं कळव. बाकी भांडण नंतर करू, आयुष्य पडलंय म्हणावं तर तेच न्हाई.

त्रिवेणी


परभणी,
१५ जुलै, मंगळवार

अण्णा,

सहा दिवस झाले, निरोप न्हाई. तानुबाई म्हणती तू गिरणी चालूच ठेवलीस, फडकं पिठानं पांढरं झालंय.

आज मी खरं लिहायला बसलेय. शिवप्रकाश वसमतला गेलेत. दुकान बंद ठेवलंय. लिहिलं की वाचायचं न्हाई, तसंच घडी घालून द्यायचं, असं ठरवलंय.

पाच न्हाईत. आठ वर्षं. माझ्या नवातली आठ मायची हायेत.

माय गेली त्या साली माझ्या हातावर चौदा महिने उरले होते. शिवप्रकाशला कळू दिलं न्हाई. दुकानात सगळे आकडे मोठे, मालवाले, गिऱ्हाईक, शेजारचा सोनार. मी मूठ मिटून वावरायचे. सकाळी डोळा उघडला की आधी हात बघायचे. भ्याले होते अण्णा, दुसरं काही न्हाई. कुणाची फी नव्हती, कुणाचं दुखणं नव्हतं. मला मरायचं नव्हतं, बास.

संक्रांतीला घरी आले. निघताना मायनं ओटी भरली, तांदूळ, खोबऱ्याची वाटी, खण, अन् मग हातावर हात ठेवला. लेकीला रिकाम्या हातानं धाडायचं न्हाई. "दिलं," म्हणली. मी "घेतलं" म्हणले. तुला ठाऊक हाय कसं वाहतं ते. आधी दिवसादिवसानं, जरा थांबलं की आठवड्यानं, मग महिन्याच्या महिना. बाकीचे लोक देतात ते देऊन झालं की हात उचलतात. माय उचलायची न्हाई. देणारीनं हात मागं घेतला की दिलेलं दान मोडतं, असं तिच्या मायनं तिला शिकवलेलं. हात घेणाऱ्यानं काढायचा. मी हे लहानपणापासून ऐकत आले. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा मतलब ध्यानात आला.

मग मी येतच राहिले. त्या एका वर्षात अकरा वेळा आले. शिवरात्रीला, पाडव्याला, आंबे उतरले म्हणून, मायची तब्येत बघायला म्हणून, अन् काहीच सापडलं न्हाई तवा वाईट स्वप्न पडलं म्हणून. तू एकदा हसून म्हणलास, "त्रिवेणी, लग्न झालं तवा इतकी आली न्हाईस." मी बी हसले. हसता हसता मूठ मिटली.

गेल्या पंचमीला तू मला आणायला मुराळी होऊन आलास. माझ्यासाठी हिरवी साडी आणलीस. दुसऱ्या दिवशी निघताना माय पाटासमोर बसली. हातावर हात ठेवला. तिचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. दोन वर्षांवर होता. मग दीडवर आला. मग वर्ष. मी बघत होते, अण्णा. मला दिसत होतं. माय माझ्या तोंडाकडं बघायलेली, आकड्याकडं न्हाई. सात महिने झाले, तीन महिने झाले. तू बाहेरून हाक मारलीस की बस आली. तवा मी हात काढला.

चार दिवस ठेवले मी तिच्या हातावर.

ती म्हणली, "नीट जा गं माय." एवढंच.

पाचव्या दिवशी तू फोन केलास. अन् मी पेडगावला येऊन सगळ्यात मोठ्यानं रडले.

तू म्हणला होतास, "मायला खाल्लंस. आता पंचमीला तुला आणायला मुराळी येणार न्हाई." तवा मला तुझा राग आला होता. लोकांत म्हणलास म्हणून. खोटं म्हणलास म्हणून न्हाई.

आता कळलं असंल की मी देते म्हणते ते माझं न्हाईच. मायचं हाय. मायचं घेयला तुला कसली शरम?

त्रिवेणी


परभणी,
२१ जुलै, सोमवार

अण्णा,

चिठ्ठी मिळाली. चार शब्दांची. "गुरुवारी ये. जेवायलाच ये." मी ती इतक्यांदा वाचली की शिवप्रकाश म्हणले, कोर्टाचा कागद हाय का काय.

शिव्या असतील म्हणून उघडायला भीत होते. तुझं अक्षर लय वाकडं झालंय. फडकं बांधूनच लिहिलंस का? तानुबाईला विचारलं तर ती म्हणती, "मला कशाला विचारता, फडक्याखालचं देवाला अन् अण्णाला ठाऊक."

येते. पुरण करू नको, कुणाला तरी सांगून करून घेशील अन् त्यांना दळण फुकट देशील. पिठलं-भाकरी चालंल. मी येताना तुझ्यासाठी काहीच आणणार न्हाई, भिऊ नको. रिकामे हात घेऊन येते.

अजून एक गोष्ट तुझ्यापासून लपवलीय. वाईट न्हाई. ती नंतर सांगंन, आधी सांगितलं तर तू मोडता घालशील.

त्रिवेणी


परभणी,
२४ जुलै, गुरुवार, दिवेलागण

अण्णा,

आताच घरी पोचले. अंगावरची साडी बी बदलली न्हाई, तशीच बसलेय लिहायला. समोर तू दिलेला खण हाय. शिवप्रकाशला दोनदा दाखवला. ते म्हणले, "दिसला." त्यांना काय कळतंय.

खरं सांगते, वाटेत येताना मी ठरवत होते, अण्णानं दारातूनच हाकललं तर ओसरीवर बसून राहायचं. अन् तू गिरणीच्या दारात उभा, भुवया पांढऱ्या, अन् म्हणतोस काय, "वाळलीस की. नऊ वर्षंवाली अशी दिसती व्हय?" मला हसावं का रडावं कळंना. मग दोन्ही केलं.

मायबद्दल तू एक अक्षर बोलला न्हाईस. जेवताना मीच काढलं तर म्हणलास, "लिहिलंस ना? मी वाचलं. आता भाकर खा." अन् माझ्या ताटात ठेचा वाढलास. वर्षभर मी जी शिक्षा मनात घोळवत होते तिच्यापुढं हा ठेचा भारी पडला बघ.

मी हात पुढं केला तर तू मागं सरलास. "किती हायेत ते तरी सांग," म्हणले. तू म्हणलास, "अकरा दिवस. पंचमी करून बी उरतील." मग म्हणलास, "यंदा मुराळी म्हणून धाडायला घरात दुसरं कोण हाय, अन् माझ्यानं बस धरवत न्हाई. म्हणून पंचमी आधीच करून टाकू." वैनी गेल्यापासून घरात ओटी भरायला कुणी न्हाई, तर तानुबाईला बोलावून ठेवलं होतंस. तिनं ओटी भरली. तू पाठ करून फडकं सोडलंस. मग माझ्यासमोर येऊन बसलास, हात पुढं केलास.

मी म्हणले, "मला नको अण्णा, तूच घे."

तू म्हणलास, "आधी भावाचं घे. मग तुझ्या देण्याचं बघू."

मग मी काय करू सांग? न्हाई म्हणले असते तर नातंच तुटलं असतं, अन् हो म्हणले तर तू बी घेशील अशी आशा लागली. मी डोळे मिटले. त्या पंचमीला आकडा बघत बसले होते, म्हणून यंदा बघायचंच न्हाई असं मनाशी कबूल केलं होतं. तू "दिलं" म्हणलास. मी "घेतलं" म्हणले, अन् विस्तवाला लागल्यासारखा हात काढला. दम सुद्धा घेतला न्हाई मधी. बसमध्ये बघितलं तर तीनच दिवस आले होते. अकरातले तीन गेले, आठ राहिले, म्हणून जिवाला बरं वाटलं.

अन् तू लबाडा, फडकं बांधत काय म्हणलास? "बघू म्हणलं होतं, घेईन म्हणलं न्हाई." तानुबाई तोंडाला पदर लावून हसायलेली.

हस. आता मी बी हसते, कारण माझी लबाडी तुझ्यापेक्षा मोठी हाय. तुझ्यापासून काय लपवलं ते आता सांगते. महेशी यायलीय. रविवारी सकाळी हैद्राबादच्या गाडीनं परभणीला उतरंल, मी स्टेशनवर राहीन, अन् दोघी नऊच्या आत तुझ्या दारात. तिला मी महिन्याच्या सुरुवातीलाच फोन केला होता. पण तिच्या दवाखान्यात जित्या माणसाला भेटायची सुट्टी विकत घ्यावी लागती. जादा पाळ्या करून तिनं ती रविवारपर्यंत जमवली. तुला कळलं असतं तर फोन करून तिला येऊ दिलं नसतंस, म्हणून तिला बी तोंड बंद ठेवायला लावलं.

चारचौघांत बी चालंल असं माझं गणित हाय. आत्यानं भाचीला दिलं तर कुठंच आडकाठी न्हाई, ते तर द्यायचंच असतं. मी महेशीला आठ वर्षं देणार. अन् महेशीचं लगीन झालं न्हाई, ती अजून तुझ्याच घरची. तिचं ते तुझ्या घरचं. ती तुझ्या हातावर हात ठेवंल. आता म्हण न्हाई लेकीला! तिच्यासमोर तुझं चालत न्हाई, हे सगळ्या पेडगावला माहीत हाय.

योगीराजची रातची खेप अजून जायचीय, त्याच्याजवळ देते; उद्या सकाळी तो तुला हे पत्र देईल. वाचून चिडशील, गिरणीत दोन पायल्या पीठ सांडशील. सांड. रविवारपर्यंत नीट जेव.

त्रिवेणी


परभणी,
२८ जुलै, सोमवार

अण्णा,

हे पत्र कुणाजवळ द्यायचं न्हाई. योगीराजनं विचारलं, "बाई, आज काही हाय का?" न्हाई म्हणले.

शुक्रवारी सकाळी तो आला तवा गुरुवारचं पत्र त्याच्या हातात तसंच होतं. घडी बी मोडली नव्हती. मी म्हणले, "घेतलं न्हाई का त्यानं? अजून चिडलाय?" तो दुधाचे कॅन उतरवायचे सोडून दुकानाच्या पायरीवर बसला. तवा समजले.

तानुबाई सांगती, दिवेलागणीला ती ज्वारी घेऊन गिरणीवर आली. पट्टा फिरायलेला, अन् तू पोत्याला टेकून बसलेला. तिला वाटलं डोळा लागला. तिनं स्वतःच गिरणी बंद केली. फडकं सोडून बघितलं तर हातावर काहीच नव्हतं. नुसता हात. दिवेलागणीला मी इथं खण समोर ठेवून हसत लिहायलेले.

अकरा नव्हते. तीन दिवस अन् वर थोडे घंटे होते तुझ्याकडं. रविवारी दुपारपर्यंत तरी पुरले असते. रविवारी नऊ वाजता तुझी लेक दारात येणार होती.

तू आकडा लपवलास अन् मी महेशी लपवली. एकानं जरी तोंड उघडलं असतं! मी नुसतं डोळे उघडले असते तरी चाललं असतं. सगळ्या जन्मात एकदाच डोळे मिटून घेतलं, अन् तेच बघायचं होतं.

तू का दिलंस रे? गोळीभर गूळ हातावर ठेवला असतास तरी मी कपाळाला लावून घेतला असता. तानुबाई म्हणती, बुधवारीच तू तिला म्हणला होतास, "बहीण रिकामी गेली तर तिला वाटंल मी माफ केलं न्हाई." मग तुझ्याकडं दुसरं होतं तरी काय द्यायला.

महेशी शुक्रवारीच आली. मयतीची सुट्टी फुकट मिळती, तिला विमानानं धाडलं म्हणे दवाखान्यानं. तुला मायच्या शेजारी समाधीत बसवलं, शेतात. बेल वाहिला, विभूती लावली, जंगमानं मंत्र म्हणले. मी जरा लांब उभी होते. कुणी लांब हो म्हणलं न्हाई, कुणी जवळ ये बी म्हणलं न्हाई.

माणसं पांगल्यावर महेशी माझ्याकडं आली. रडून रडून डोळे सुजलेले, पण बोलणं अगदी सरळ, दवाखान्यात बोलतात तसं.

"आत्या, बाबांनी तुला किती दिले?"

"तीन दिवस."

"हात उशिरा काढलास का?"

मी म्हणले, "न्हाई गं. लगेच काढला. दम बी घेतला न्हाई मधी. तानुबाईला विचार."

तिनं ओढणीतून कागद काढला. माझं पंधरा तारखेचं पत्र. तुझ्या उशाखाली सापडलं तिला. "बाबांनी हे जपून ठेवलं होतं," म्हणली. "मी तीनदा वाचलं."

मी शपथ घेतली. मायची घेणार होते, तोंडातून निघंना, मग तुझी घेतली. ती ऐकून घेत होती, मान हलवत होती. जसं पेशंटचं ऐकून घेतात. अण्णा, मी आयुष्यात इतकं खरं कवा बोलले नव्हते.

मग मी हात पुढं केला. म्हणले, "महेशी, आठ वर्षं हायेत, तुझ्या आजीची हायेत, तू घे. आत्यानं भाचीला द्यायचंच असतं." तिनं माझ्या हाताकडं बघितलं अन् स्वतःचा हात ओढणीत गुंडाळून घेतला. "नको आत्या," म्हणली. "आमच्या घरात हे खूप झालं." काल परत गेली. स्टेशनवर मी गेले होते, खांबाआड उभी राहिले.

घरी येऊन शिवप्रकाशला सगळं सांगितलं. चौदा महिने उरले होते तिथपासून. दुपारी जेवताना चटणीची वाटी द्यायला मी हात पुढं केला तर त्यांनी आपला हात मागं घेतला अन् म्हणले, "खाली ठेव, मी घेतो."

सकाळी हात बघितला. आठ वर्षं, दहा महिने अन् तुझे तीन दिवस. एवढं सगळं जगायचं हाय मला, अण्णा.

त्रिवेणी